दांड्या पुऱ्या, बोलणे तुटके

श्रोतेहो, मोबाइलवर दांड्या पुऱ्या दिसतात, तरी बोलणे तुटते. लगेच आपण म्हणतो, टॉवरचा जोर वाढवा! अहो, सगळ्यांनीच जोर वाढवला तर जत्रेतल्या आरडाओरड्यात ऐकू कोणाचे येणार?

खरा इलाज अंतराचा. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डी. एच. रिंग यांनी मुलूख षटकोनी घरांत वाटण्याची योजना मांडली. शेजारच्या घरांना निराळ्या कंपनसंख्या. तीच कंपनसंख्या पुन्हा वापरायची ती दूरच्या घरात. असे सात गट केले, की समान गटाचे टॉवर घराच्या त्रिज्येच्या सुमारे ४.६ पट दूर पडतात. गुरुजी, फळ्यावर काढून पाहाच. अंतर दुप्पट झाले की जोर सोळावा हिस्सा उरतो असे धरले, तर कडेवरही आपला टॉवर सहा परक्यांच्या एकूण गोंगाटाच्या ढोबळमानाने ७० पट ठळक. मात्र मध्ये डोंगर आला की हिशेब बिघडतो. मग जागेवर जाऊन मोजावेच लागते.