नगरांच्या उष्णतेचा हिशेब



वैनगंगाकाठचे बालाघाट असो वा नागपूरसारखे महानगर, वस्ती वाढते तशी माणसाने निर्माण केलेली उष्णताही वाढते. तापमापकाने ती वेगळी मोजता येत नाही. ऊन, तापलेल्या भिंती आणि यंत्रे या सर्वांचा एकत्रित परिणाम तो दाखवितो. म्हणून या उष्णतेचा जमाखर्च मांडावा लागतो.

वापरलेली वीज अखेरीस बहुतांशी उष्णतेत रूपांतरित होते. एका युनिटापासून सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते; एक लिटर पेट्रोल जळल्यास सुमारे ९ युनिटांइतकी. मानवी शरीर विश्रांतीतही सुमारे १०० वॅट उष्णता देते. एक चौरस किलोमीटरात १० हजार लोक राहत असल्यास केवळ शरीरांची उष्णता दर चौरस मीटरला १ वॅट भरते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टोकियोच्या मध्यभागी दिवसाची एकूण मानवनिर्मित उष्णता दर चौरस मीटरला ४०० वॅटहून अधिक आढळली.

दुबार नोंद मात्र टाळावी. वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता बाहेर टाकते, ती नवी नव्हे. नवी भर पडते ती यंत्राने वापरलेल्या विजेची.

वीजवापर, इंधनविक्री व लोकसंख्या यांचे आकडे जमवून शाळांनाही असा तक्ता करता येईल. भरवेलीच्या मँगनीज खाणीसारख्या उद्योगाचा वापर त्यात स्वतंत्र दाखवावा. बालाघाट वाढत असतानाच ही नोंद ठेवली, तर सावली व मोकळी जागा कोठे राखावी हे आकड्यांवरून ठरविता येईल. नोंद न झालेले वर्ष मागाहून मोजता येत नाही.