वाटा ठाऊक असलेला पूषन्

मरणानंतरचा देव म्हटला की आपल्याला रेड्यावर बसलेला यम आठवतो. पण ऋग्वेदात मृताला सोबत करण्यासाठी पूषन् या देवाचीही आळवणी केली आहे. हा गुराख्यांचा, वाटसरूंचा देव. त्याच्या रथाला घोडे नाहीत, बोकड जुंपलेले. हातात गुरे हाकायची पराणी, खायला पेज. हरवलेली जनावरे शोधून आणावीत, वाटेवरचे लांडगे आणि चोर दूर करावेत, हे त्याचे काम. ज्याला सगळ्या वाटा ठाऊक, त्याच्याच हाती माणसाचा शेवटचा प्रवास सोपवायचा, यात मला फार मोठी माया दिसते. दहाव्या मंडलातल्या १७व्या सूक्तात ही प्रार्थना आहे. त्याच मंडलात यमाच्या वाटेवर सरमा या कुत्रीची पिल्ले, चार डोळ्यांचे दोन कुत्रे, राखण करताना भेटतात.

ग्रीकांचा हर्मीसही कळपांचा आणि प्रवाशांचा देव. होमरच्या ‘ओडिसी’त, २४व्या सर्गात, सोन्याची काठी घेऊन तो मृतांना पाताळाकडे नेतो.

पूषन्‌ची ही प्रार्थना ज्यात आहे, त्या ऋग्वेदाची जुनी हस्तलिखिते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जपलेली आहेत. त्यांपैकी ३० हस्तलिखितांची नोंद २००७ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यात केली.