सरकारी दप्तर आणि त्याची किल्ली

(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



एका साध्या अनुभवापासून सुरुवात करतो. आमच्या शाळेने जुन्या प्रश्नपत्रिका संगणकावर जपून ठेवल्या होत्या. नव्या संगणकावर त्या उघडल्या, तेव्हा मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटली. ज्या विकतच्या फाँटमध्ये त्या टाइप केल्या होत्या, त्याची अक्षरजुळणी त्या फाँटपुरतीच होती. मजकूर आमचा, मेहनत आमची. किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात! प्रश्नपत्रिका पुन्हा लिहिता येतील. पण सातबारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, मतदारयाद्या यांचे असे झाले तर?

म्हणूनच ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा विचार करावयास हवा. ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता, सुधारता आणि दुसऱ्यास देता येते, ते ओपन सोर्स होय. लिनक्स, लिब्रेऑफिस ही त्याची परिचित उदाहरणे.

पेरू देशातील लोकप्रतिनिधी एडगर विलानुएवा यांनी हा प्रश्न थेट संसदेत नेला. सरकारी कार्यालयांनी मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, असे त्यांचे विधेयक होते. मायक्रोसॉफ्टने आक्षेप घेताच २००२ साली त्यांनी सविस्तर उत्तर दिले. नागरिकाला सरकारी माहिती विनाअट मिळावी, ती कायम टिकावी, आणि राज्य व नागरिक सुरक्षित राहावेत, या तीन तत्त्वांवर ते उभे होते. पैशाची बचत हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हताच!

आपल्या देशात केरळने वाट दाखविली. तेथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' योजना सुरू झाली आणि पुढे सरकारी शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आले. शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण मिळाले. सत्तेवर आघाड्या आल्या-गेल्या; धोरण टिकले.

उलट अनुभवही सांगितला पाहिजे. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि सुमारे १५,००० संगणक बदलले. तरीही २०१७ मध्ये तेथील नगरसभेने विंडोजकडे परतण्याचे ठरविले. राजकीय पाठबळ सरले की केलेले कामही मागे फिरते, हा त्यातला धडा.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. ते कागदावर राहू नये, हे पाहणे आपले काम आहे. मत मागावयास कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारी आला, तर रस्ता-पाण्याबरोबर त्याला एवढे विचारा : आमच्या नोंदींची किल्ली कोणाकडे आहे? तुमच्या पक्षाच्या कार्यालयात कोणते सॉफ्टवेअर आहे? जाहीरनाम्यात याविषयी काही लिहिणार का?

मात्र विचारण्यापूर्वी आपल्या शाळेचा एक तरी संगणक ओपन सोर्सवर आणू या. स्वतः केलेल्या माणसाच्या प्रश्नाला वजन येते.