नायजेरियाचा उपग्रह आणि त्याची सरकारी कंपनी



विकसनशील राष्ट्राने स्वतःचा दळणवळण उपग्रह बाळगावा, की दुसऱ्याच्या उपग्रहावरील वाहिन्या भाड्याने घ्याव्यात, हा प्रश्न आपणांस परका नाही. 1971 साली पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे भूकेंद्र कार्यान्वित झाले, तेव्हा डोक्यावरचा उपग्रह आपला नव्हता. पुढे आपला पहिला इन्सॅट एप्रिल 1982 मध्ये अवकाशात गेला आणि सप्टेंबरमध्येच निकामी झाला. हे स्मरून नायजेरियाच्या अनुभवाकडे पाहावे.

तेथील शासनाने 2006 मध्ये ‘निगकॉमसॅट’ ही सरकारी मालकीची कंपनी स्थापन केली. उपग्रह चीनकडून बांधून घेण्यात आला व मे 2007 मध्ये चीनमधील शिचांग येथून सोडण्यात आला. विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर, 42.5 अंश पूर्व रेखांशावर त्याचे स्थान होते. तेथील उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्याने आकाशात स्थिर भासतो. गावातील तबकडी एकदा रोखली की वारंवार हलवावी लागत नाही. जेथे तारा पोहोचत नाहीत तेथील शाळेला वा दवाखान्याला या साध्या गोष्टीचे मोल फार.

उपग्रहाचे आयुर्मान 15 वर्षांचे धरलेले होते. प्रत्यक्षात तो दीड वर्ष टिकला. सौरपंखातील बिघाडामुळे वीज अपुरी पडू लागली. तशाच स्थितीत तो चालविला असता, तर नियंत्रण सुटून शेजारच्या उपग्रहांना धोका पोहोचला असता. म्हणून नोव्हेंबर 2008 मध्ये तो बंद करण्यात आला. सुदैवाने विमा उतरविलेला होता. त्यामुळे डिसेंबर 2011 मध्ये त्याच जागी नवा उपग्रह गेला, आणि शासनाला त्याची किंमत पुन्हा मोजावी लागली नाही. विम्याचा हप्ता हा वायफळ खर्च मानणाऱ्या लेखापालांनी हे प्रकरण अवश्य वाचावे!

तथापि, विम्याने उपग्रह परत मिळाला. गेलेली तीन वर्षे मिळाली नाहीत. मधल्या काळात, 2010 मध्ये, ‘मेनवन’ ही समुद्राखालील केबल लागोसच्या किनाऱ्याला येऊन सेवा देऊ लागली. किनाऱ्यालगतच्या मोठ्या शहरांतील ग्राहकाला केबल स्वस्त पडते आणि तिच्यावरून संदेशही लवकर पोहोचतो. उपग्रहावरून जाणाऱ्या शब्दाला वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतोच. कंपनीच्या वाट्याला मग मुख्यतः दूरचित्रवाणी आणि दूरचा ग्रामीण भाग उरला. म्हणजे गरज मोठी, पण पैसे देण्याची ऐपत कमी.

अशा वेळी पहिले गिऱ्हाईक शासनच असावयास हवे. परंतु सरकारी खात्यांनी आपल्याच कंपनीची सेवा घ्यावी, असा आग्रह तिला वारंवार धरावा लागला आहे. एका खात्याने उभारलेली सोय दुसऱ्या खात्याने न वापरणे, हे काही केवळ नायजेरियातच घडते असे नाही. रिकामी वाहिनी मात्र साठवून ठेवता येत नाही. न विकलेला दिवस कायमचा जातो. नव्या उपग्रहाचेही आयुर्मान 15 वर्षांचेच धरलेले होते. 2011 पासून मोजल्यास ते 2026 च्या अखेरीस भरते.