दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको
(शाखा सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी तुमच्याशी उच्च रक्तदाबाबद्दल बोलणार आहे. गँगमनचा पाय मुरगळला तर तो लंगडतो, सर्वांना दिसते. रक्तदाब वाढला तर बहुधा काहीच दुखत नाही. माणूस गाडी चालवतो, टपालाच्या थैल्या उचलतो आणि आतून मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या खराब होत जातात. डोके दुखेल तेव्हा पाहू, हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे. रक्तदाब मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. पाच मिनिटे शांत बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवा. जिना चढून आल्या-आल्या घेतलेला आकडा खरा नव्हे. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 अथवा त्याहून जास्त येत असेल, तर डॉक्टरकडे गेलेच पाहिजे.

आता मिठाचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. घरात चार मोठी माणसे असतील तर एक किलोचा पुडा निदान 50 दिवस पुरला पाहिजे. तुमच्या घरी किती दिवस जातो, ते आजच विचारा. लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स यांतले मीठ तर वेगळेच!

गोळी सुरू झाली की ती रोजची. आकडा उतरला तो गोळीमुळे. म्हणून 'बरा झालो' असे समजून ती मनाने बंद करू नका. रनिंग स्टाफने आणि आर.एम.एस.मधल्या साथींनी दोन-तीन दिवसांच्या गोळ्या बॅगेत ठेवाव्यात. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आपली ड्यूटी रात्रीची आहे, इंजिनावरची आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे वेळ आणि औषध ते त्याप्रमाणे ठरवतील. गुडघे-कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाणेही घातक आहे. त्यांतल्या अनेक गोळ्या रक्तदाब वाढवतात व मूत्रपिंडाला इजा करतात.

पण खरा प्रश्न भीतीचा आहे. मेडिकलमध्ये आकडा निघाला तर कॅटेगरी जाईल, मायलेज बुडेल, म्हणून कितीतरी जण आजार लपवतात. मित्रहो, गोळीने आटोक्यात ठेवलेला रक्तदाब आणि अर्धांगवायू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लपवलेला आजार कॅटेगरी वाचवत नाही. तो एक दिवस कॅटेगरीसकट माणसालाच नेतो. शिवाय लोको पायलटच्या मागे शेकडो प्रवासी असतात.

कायदाही माहीत असू द्या. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याचे कलम 47 होते. त्याच्या जागी आता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. हे संरक्षण कामगार चळवळीने प्रत्येक साथीपर्यंत पोहोचवले, तर लपवाछपवी कमी होईल.

संघटनेने मागण्याही कराव्यात: प्रत्येक रनिंग रूममध्ये, सॉर्टिंग कार्यालयात रक्तदाब मोजण्याचे यंत्र, कमी मिठाचे जेवण, आणि ड्यूटीनंतर पुरती विश्रांती. पुरेशी झोप न मिळणाऱ्या माणसाला नुसती गोळी किती पुरणार?

मात्र या मागण्या मान्य होईपर्यंत थांबू नका. या आठवड्यात स्वतःचा रक्तदाब मोजा, घरच्यांचाही मोजा. आकडा वहीत तारखेसह लिहा. पगाराच्या स्लिपवरचा आकडा आपण जितक्या बारकाईने तपासतो, तितक्याच बारकाईने हाही तपासू या.