बाईचा हुकूम आणि खेड्याचें नांव
(चावडींत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



बायकांना मोठ्या हुद्द्यावर चढूं न देण्यासाठीं सरकारनें भर कोर्टांत आपल्या खेड्यांचें नांव पुढें केलें होतें, हें तुमच्यापैकीं कितीकांस ठाऊक आहे?

डॉक्टरी व शुश्रूषेच्या खात्यांबाहेर फौजेंत बायकांना अधिकारी म्हणून घेऊं लागले तें १९९२ सालापासून. पण चाकरी मुदतीची. पुरुषाला कायमची नेमणूक मिळे व पुढची वाट मोकळी होई. बाईची मुदत भरली कीं तिनें घरीं जावें. दिल्लीच्या हायकोर्टानें २०१० सालीं बायकांच्या बाजूनें निकाल दिला, तेव्हां सरकार सुप्रीम कोर्टांत गेलें. तेथें सांगितलें काय? तर शिपाई बहुतेक खेड्यांतले, बाईचा हुकूम मानण्याची त्यांच्या मनाची तयारी नाहीं! १७ फेब्रुवारी २०२० रोजीं कोर्टानें हें म्हणणें झिडकारलें आणि हुकमतीच्या जागांवर बायकांना सरसकट बंदी चालणार नाहीं असें ठरविलें. (लढाऊ पलटणींचा प्रश्न त्या खटल्यांत नव्हता.)

अहो, नियम करणारे साहेब कचेरींतले, आणि अडाणीपणाचें गांठोडें मात्र कुणब्याच्या डोक्यावर! सी. बी. मुथम्मा ही बाई १९४९ सालीं परराष्ट्र खात्यांत रुजू झाली. लग्न केल्यास राजीनामा देईन, असें तिच्याकडून लिहून घेतलें. पुढें वरची बढती नाकारली, म्हणून ती कोर्टांत गेली. खटला चालू असतांनाच सरकारनें बढती देऊन टाकली. तरी १९७९ सालीं कोर्टानें असले नियम तपासून पाहण्यास बजावलें. ते नियम कोणत्या नांगऱ्यानें लिहिले होते?

पण आपलीहि झांकली मूठ उघडूं. मीं वर्गांत एका मुलीला मॉनिटर केलें, तर दोन बाप तणतणत शाळेंत आले. त्या दोघांच्याहि घरीं बियाणें किती राखावें, कोणती गाय विकावी, हें बायकोच ठरविते! २०११ सालापासून आपल्या राज्यांत पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. आणि सहीपुरती बाई, बाकी कारभार नवऱ्याचा, हें कितीक गांवीं चाललें आहे. साहेबांना दाखवायला पुरावा आपणच देतों.

आपल्या सरपंचबाईंचे यजमान येथेंच बसले आहेत, म्हणून तोंडावर सांगतों. दादा, राग नसावा. येत्या ग्रामसभेंत बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी राहूं द्या. आमच्याजवळ सतरंजीवर जागा आहे.