दैवाचा वाटा आणि आपला वाटा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने मजसारख्या निवृत्त शिक्षकास दिला, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. ‘माणूस हा आपल्या जीवनाचा शिल्पकार आहे’ हा सुविचार शाळेच्या फळ्यावर मी किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही. आज अडुसष्टाव्या वर्षी तो थोडा दुरुस्त करून आपणापुढे ठेवावा, असे वाटते.

सन १९७२ साली आमच्या शिवारात पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, ज्वारी करपली, दावण रिकामी झाली. रेशनवर तांबडी मिलो मिळे आणि दुष्काळी कामावर सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लक्ष माणसे अशा कामांवर राबत होती. त्यांत माझे थोरले बंधू होते. आम्ही दोघेही तालुक्याच्या गावी शिकत होतो. गणितात दादा माझ्याहून सरस. परंतु दोघांचा खर्च वडिलांना झेपेना. एकाने खडी फोडावयास जावे असे ठरले, आणि थोरला म्हणून दादा गेले. त्यांच्या मजुरीतून माझी पुस्तके आली. १९७४ साली मी मॅट्रिक झालो, पुढे शिक्षक झालो. दादांची शाळा सुटली ती सुटलीच. सत्काराचा हार गळ्यात पडतो तेव्हा मला त्यांच्या हातांवरील फोड आठवतात. मी अभ्यास केला, हे खोटे नव्हे. परंतु मी दोन वर्षांनी धाकटा होतो, यात माझे कर्तृत्व ते कोणते?

मग सर्व दैवाधीन मानून स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत. दैव हे त्यांतील पाचवे, एकमेव नव्हे. उरलेल्या चारांची मशागत पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेतले. १९७२ नंतर तेथील पुष्कळ कुटुंबे पोटासाठी गाव सोडून गेली होती. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले, डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, उसासारखे तहानलेले पीक लावावयाचे नाही, असा निर्बंध स्वतःवर घातला. पडलेल्या पावसाचा जमाखर्च ग्रामसभेत मांडावयाचा. प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, मग पिके. पाऊस कमी, तर पेराही कमी. गेलेली कुटुंबे परत आली.

यातील मर्म ध्यानात घ्यावे. पाऊस वाढविणे त्या गावाच्या हाती नव्हते. पडलेले पाणी अडविणे व जपून वापरणे एवढेच हाती होते, आणि तेही एकट्याच्या नव्हे. एकाने विहीर खोल केली, तर शेजाऱ्याची आटते. सर्वांनी मिळून नियम पाळला, शासनाच्या आदर्श गाव योजनेचे साह्य लाभले, तेव्हा कोठे प्रयत्नास फळ आले.

विद्यार्थिमित्रहो, आज तुमचा गौरव होत आहे, तो योग्यच आहे. अभ्यास तुमचाच आहे. परंतु घरी गेल्यावर, आपल्यासाठी कोणी काय सोडले, हे एकदा विचारा.

मंडळास माझी एक विनंती आहे. उत्तम गुण मिळविणाऱ्यांची यादी आपण दर वर्षी करतो. ज्याच्या घरी यंदा पीक गेले वा कर्ता पुरुष अंथरुणास खिळला, अशा मुलामुलींचीही यादी गावोगावच्या प्रतिनिधींनी करावी, आणि त्यांची शाळा सुटू नये म्हणून स्वतंत्र निधी उभारावा. माझे एका महिन्याचे निवृत्तिवेतन मी दादांच्या नावे त्यात देत आहे.

माणूस आपल्या जीवनाचा शिल्पकार आहे खरा. परंतु दगड दैव देते, आणि छिन्नी पुष्कळदा दुसऱ्या कोणी हाती दिलेली असते. ती पुढच्याच्या हाती देणे मात्र पूर्णपणे आपल्या स्वाधीन आहे.